वाट मोकळी करणाऱ्याचेही नाव हवे

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या क्रीडापानावरचा अमेरिकन फुटबॉलच्या विक्रमांचा लेख वाचला. १९२९ मध्ये शिकागो कार्डिनल्सच्या एर्नी नेव्हर्सने बेअर्सविरुद्ध संघाचे सगळे ४० गुण एकट्याने मिळवले, ही नोंद त्यात आहे. पण चेंडू घेऊन धावणाऱ्या नेव्हर्ससाठी समोरची भिंत फोडत होता तो ड्यूक स्लेटर. त्याचा साधा उल्लेखही लेखात नाही, याचे वाईट वाटले.

स्लेटर होता लाइनमन, म्हणजे संघाच्या पुढच्या फळीतला खेळाडू. लाइनमनच्या वाट्याला चेंडू जवळजवळ येतच नाही. प्रतिस्पर्ध्याला अंगाच्या जोरावर मागे रेटायचे, एवढेच त्याचे काम. त्यामुळे गुणफलकावर त्याचे नाव कधी लागत नाही. स्लेटरच्या बाबतीत त्यात त्याच्या कृष्णवर्णाची भर पडली.

त्याचे वडील पाद्री होते. शाळेत असताना बूट किंवा हेल्मेट, यांपैकी एकच घेणे घरच्यांना परवडणार होते. त्याने बूट घेतले आणि पुढे आयोवा विद्यापीठातही तो बहुधा उघड्या डोक्यानेच खेळला. १९२१ मध्ये सलग २० सामने जिंकत आलेल्या नोटर डेम विद्यापीठाच्या संघाला आयोवाने १०-७ असे हरवले. त्या सामन्याचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. हेल्मेट न घातलेला स्लेटर नोटर डेमच्या कितीतरी खेळाडूंना एकटा अडवून धरतो आहे आणि मागून त्याचा सहकारी गॉर्डन लॉक चेंडू घेऊन येतो आहे. लाइनमन म्हणजे काय, हे कोणाला समजावायचे असेल तर मी हेच चित्र दाखवेन.

१९२२ पासून दहा हंगाम तो व्यावसायिक फुटबॉल खेळला. एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधला तो पहिला कृष्णवर्णीय लाइनमन. १९२७ मध्ये तर अख्ख्या लीगमध्ये एकटाच कृष्णवर्णीय खेळाडू. खेळता खेळताच कायद्याचे शिक्षण घेऊन १९२८ मध्ये त्याने पदवी मिळवली. १९४८ मध्ये शिकागोच्या मतदारांनी त्याला न्यायाधीश म्हणून निवडून दिले. १९३१ च्या हंगामानंतर तो खेळातून निवृत्त झाल्यावर मात्र थोड्याच वर्षांत लीगची दारे कृष्णवर्णीयांना बंद झाली, ती १९४६ पर्यंत.

महाविद्यालयीन फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मान-यादीत, १९५१ च्या पहिल्याच तुकडीत तो होता. व्यावसायिक हॉल ऑफ फेमला त्याची आठवण झाली २०२० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर ५४ वर्षांनी. हा उशीर मला अक्षम्य वाटतो. या विषयावर पुढे लेख येणार असेल, तर एक संपूर्ण लेख स्लेटरवर द्यावा आणि सोबत ते १९२१ चे छायाचित्र छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, नाशिक