जादा भरण्याने कर्जाची मुदत घटावी, हप्ता नव्हे

महोदय,

रिझर्व्ह बँकेने २०२५ या एका वर्षात रेपो दर (ज्या दराने ती बँकांना अल्पमुदतीसाठी उसने पैसे देते तो दर) ६.५० टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने ५.२५ टक्क्यांवर आणला, तेव्हा प्रत्येक कपातीनंतर गृहकर्जाचा हप्ता किती रुपयांनी उतरेल याचे तक्ते सर्वत्र छापून आले. मात्र हप्ता उतरण्यापेक्षा कर्ज लवकर संपावे, अशी इच्छा असणारे कर्जदारही पुष्कळ आहेत. दिवाळीचा बोनस, मुदत संपलेली ठेव किंवा गावाकडची जमीन विकून वाट्याला आलेली रक्कम ते थेट गृहकर्जात भरतात. त्यांना दंड लागू नये याची काळजी नियमांनी घेतली आहे. परंतु भरलेल्या रकमेने मुदत कमी होणार की हप्ता, हा खरा पैशाचा प्रश्न बहुधा शाखेतल्या एका अर्जावरच्या चौकटीवर, आणि तो अर्ज कोणी पुढे केलाच नाही तर संगणकाच्या ठरीव नोंदीवर सोडलेला असतो. त्याविषयी हे पत्र.

आधी हक्काविषयी. तरत्या, म्हणजे मुदतीत बदलत राहणाऱ्या, व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क घेऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्ये बँकांना सांगितले. जुलै २०२५ मध्ये तिने याविषयी एकत्रित निर्देश काढले. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकृत होणाऱ्या कर्जांना ते लागू असून, परतफेडीचा पैसा कुठून आला हे विचारून शुल्क लावता येणार नाही आणि अमुक वर्षे कर्ज फेडता येणार नाही अशी अटही घालता येणार नाही, हे त्यांत स्पष्ट आहे. (सहकारी पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत. तिथे कर्ज घेतलेल्यांनी आपला करारनामाच वाचलेला बरा.)

आता प्रत्यक्ष हिशेब पाहू. ५० लाख रुपयांचे कर्ज, दर ८.५ टक्के, मुदत २० वर्षे असेल तर हप्ता साधारण ४३,३९० रुपये येतो. पहिल्या महिन्यात त्यातले सुमारे ३५,४०० रुपये व्याजात जातात आणि मुद्दल आठ हजारांनीही कमी होत नाही. तीन वर्षे नियमित हप्ते भरूनही सुमारे ४६ लाख ७४ हजार रुपये बाकीच असतात. अशा वेळी कर्जदाराने पाच लाख रुपये एकरकमी भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर उरलेले २०४ हप्ते सुमारे १६२ वर येतात, म्हणजे साडेतीन वर्षे वाचतात आणि व्याजात जवळपास १३ लाख रुपयांची बचत होते. त्याच पाच लाखांनी मुदत तशीच ठेवून हप्ता कमी केला, तर हप्ता सुमारे ३८,७५० रुपये होतो आणि एकूण व्याजातली बचत साडेचार लाखांच्या आसपास राहते. रक्कम तीच, दिवसही तोच, पण एका खुणेने साडेआठ लाखांचा फरक पडतो.

या तुलनेत थोडी अतिशयोक्ती आहे, हे मान्य केले पाहिजे. हप्ता कमी करणाऱ्याच्या हाती दरमहा सुमारे ४,६४० रुपये उरतात. ते त्याने शिस्तीने गुंतवले तर फरक बराच भरून निघतो, आणि सतरा वर्षांनंतरच्या रुपयाची किंमत आजच्या रुपयाइतकी नसते. परंतु हप्त्यातून सुटलेले चार-साडेचार हजार रुपये किती घरांत वेगळे काढले जातात, याचे उत्तर वाचकांना ठाऊक आहे. शिवाय ज्याचे उत्पन्न घटले आहे किंवा ज्याच्या घरात आजारपण आहे त्याला हप्ता कमी होणेच हिताचे असू शकते. म्हणून पर्याय दोन्ही असावेत, आणि निवड कर्जदाराने डोळसपणे करावी. माझा आक्षेप आहे तो न विचारता झालेल्या निवडीला.

मुदत म्हणजे काय हे २०२२-२३ मध्ये अनेकांनी अनुभवले. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५० टक्क्यांवर गेला. सात टक्क्यांनी ५० लाखांचे कर्ज घेतलेल्याचा हप्ता सुमारे ३८,७६५ रुपये होता. दर साडेनऊ झाल्यावर त्या मुद्दलाचे महिन्याचे व्याजच ३९,५८३ रुपये होऊ लागले. म्हणजे पूर्ण हप्ता भरूनही कर्ज फिटणे दूरच, ते वाढू लागले. अनेक ठिकाणी हप्ता तसाच ठेवून मुदत लांबवण्यात आली आणि पन्नाशीतल्या कर्जदाराचे कर्ज निवृत्तीच्या पलीकडे गेले. त्यानंतर, १८ ऑगस्ट २०२३ रोजी, रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून व्याजदर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, हे कर्जदाराला विचारण्याचे बंधन घातले. अंशतः किंवा पूर्ण परतफेडीची मुभाही त्यात आहे. आतापर्यंत किती मुद्दल व किती व्याज वसूल झाले आणि किती हप्ते उरले, हे दर तिमाहीला कळवण्याचा आदेशही त्यातच आहे.

एवढे असूनही जादा रक्कम भरायला गेलेल्याला काय ऐकावे लागते, ते शाखेत उभे राहिल्यावर कळते. कुठे ॲपवरून पूर्ण कर्ज बंद करण्याची सोय असते, पण अंशतः भरण्याची नसते. कुठे ठरावीक रकमेपेक्षा कमी पैसे घेतलेच जात नाहीत, त्यामुळे दरमहा दोन-तीन हजार जास्त भरू पाहणाऱ्या सामान्य नोकरदाराची वाट बंद होते. वास्तविक वर्षाला एक हप्ता जास्त भरला तरी वर उल्लेखिलेले वीस वर्षांचे कर्ज तीन वर्षांहून अधिक आधी संपते. सर्वांत त्रासदायक प्रकार म्हणजे कर्जखात्यात जमा केलेली जादा रक्कम मुद्दलात वळती न करता पुढच्या हप्त्यांची आगाऊ भरणी म्हणून पडून राहणे. कर्जदाराला वाटते कर्ज घटले, खाते मात्र त्या रकमेवर व्याज आकारतच राहते. पावती हाती असते, पण सुधारित वेळापत्रक मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मिळाले तरी ते मराठीत नसते.

जादा भरणे प्रत्येकाने करावेच असे मी म्हणत नाही. आधी सहा महिन्यांच्या खर्चाची तजवीज आणि क्रेडिट कार्डाची किंवा वैयक्तिक कर्जाची थकबाकी, मग गृहकर्ज, हा क्रम मला योग्य वाटतो. व्याजावरील करसवलतीसाठी कर्ज चालू ठेवावे, हा सल्ला मात्र आता बराच जुना झाला. नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट नाही, आणि जुन्या प्रणालीतही ती वर्षाला २ लाखांपुरतीच आहे, तर वरील कर्जाचे पहिल्या वर्षाचे व्याजच चार लाखांच्या वर जाते. म्युच्युअल फंडातून जास्त परतावा मिळेल हा युक्तिवाद कदाचित खराही ठरेल. पण तो परतावा कोणी हमीने देत नाही आणि कर्जाचे व्याज मात्र हमखास लागते.

माझी मागणी अशी, की कर्जदाराने लेखी अन्यथा सांगितले नसेल तर प्रत्येक जादा रक्कम त्याच दिवशी मुद्दलात वळती व्हावी आणि मुदत कमी व्हावी, आणि दोन्ही पर्यायांतले उरलेले हप्ते व एकूण व्याज दाखवणारे एक पान त्याला पावतीसोबत मराठीत मिळावे. ज्या संगणकाला नवा हप्ता काढता येतो, त्याला हे अशक्य नाही.

असा नियम अमलात येऊ शकतो याचे उदाहरण समोर आहे. कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ खरेदीखत व इतर कागदपत्रे ३० दिवसांत परत द्यावीत आणि घरावर नोंदलेला कर्जाचा बोजा उतरवावा, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश १३ सप्टेंबर २०२३ रोजी निघाला, तो त्याच वर्षीच्या १ डिसेंबरपासून लागू झाला, आणि बँकेच्या चुकीने विलंब झाल्यास कर्जदाराला दिवसाला ५,००० रुपये भरपाई ठरवण्यात आली. त्या आदेशात तारीख आहे आणि रक्कमही आहे, त्यामुळे कर्जदाराला काय मागायचे ते ठाऊक असते. अंशतः परतफेडीसाठीही रिझर्व्ह बँकेने अशीच मुदत ठरवावी, सुधारित वेळापत्रक सात दिवसांत देणे बंधनकारक करावे आणि ते न दिल्यास दिवसागणिक भरपाई लावावी.

आपला,
एक गृहकर्जदार वाचक, डोंबिवली