पिवळी वसाहत दिसली म्हणजे कडा करपा नव्हे

महोदय,

भाताची पाने कडेने वाळू लागली की सरसकट बुरशीनाशक फवारले जाते. पण रोगाचे कारण बुरशी नसून जिवाणू असेल, जसे भाताच्या कडा करपा रोगात, तर बहुतेक बुरशीनाशके वाया जातात. म्हणून आधी ताज्या चट्ट्याची हिरवी-पिवळी सीमा कापून तो तुकडा काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात उभा धरावा. कापातून दुधी धागे खाली उतरले, तर रोग जिवाणूजन्य. पूर्ण वाळलेला तुकडा घेतला तर बहुधा काहीच दिसत नाही. घोटाळा होतो तो इथेच.

प्रयोगशाळेतही घाई नडते. न्यूट्रिअंट अगार या जिवाणू वाढवण्याच्या माध्यमावर २८ अंश सेल्सिअसला कडा करप्याच्या जिवाणूच्या, म्हणजे झॅन्थोमोनास ओरायझीच्या, पिवळ्या, बुळबुळीत वसाहती (जिवाणूंचे पुंजके) दिसायला २ ते ४ दिवस लागतात. पहिल्याच दिवशी फोफावलेली पिवळी वसाहत बहुधा पँटोइयासारख्या दुसऱ्याच जिवाणूची असते. वसाहतीचा अंश ३ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये घोळल्यावर तार सुटली तर जिवाणू ग्रॅम-ऋण (पेशीभित्तिकेवरून ठरणाऱ्या दोन गटांपैकी एक). पण हे दोन्ही ग्रॅम-ऋणच, तेव्हा एवढ्यावर अहवाल देऊ नये. खात्रीसाठी शुद्ध जिवाणूच्या द्रावणात बुडवलेल्या कात्रीने निरोगी पानांची टोके छाटावीत, १४ दिवसांनी चट्ट्याची लांबी मोजावी आणि त्यातून तोच जिवाणू पुन्हा वेगळा करावा.

– वनस्पतिरोगशास्त्राचे अभ्यासक