तुझ्या कॅप्सूलच्या डबीविषयी

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र हातात पडलं तेव्हा माझी परिषदेला निघायची गडबड चालली होती, म्हणून उत्तराला उशीर झाला. पण झालं ते बरंच झालं. सकाळी उठल्याउठल्या तू जी प्रोबायोटिकची, म्हणजे उपयोगी जिवंत जीवाणूंची, कॅप्सूल घेतोस ती चालू ठेवावी की सोडावी, असं तू विचारलं होतंस, आणि आहारशास्त्राच्या या परिषदेत बहुतेक व्याख्यानं आतड्यांतल्या जीवाणूंवरच निघाली. पत्र लांबणार आहे, सवडीने वाच.

आधी स्टॉलची गंमत सांगतो. सभागृहाबाहेर कंपन्यांनी टेबलं मांडली होती. एका टेबलावर छोटा फ्रिज, त्यात काचेच्या बाटल्या आणि शेजारी सूट घातलेला एक तरतरीत मुलगा. मी थांबलो तशी त्याने बाटली पुढे केली. ‘सर, एका कॅप्सूलमध्ये पन्नास अब्ज जीवाणू! एवढे कोणी देत नाही.’ मी विचारलं, स्ट्रेन कुठला? त्याने बाटली फिरवून वाचलं, ‘लॅक्टोबॅसिलस ॲसिडोफिलस.’ म्हटलं, ही झाली प्रजाती, स्ट्रेन म्हणजे तिच्यातला नेमका वाण. तिच्यापुढचा क्रमांक किंवा अक्षरं कुठे आहेत? आणि हे पन्नास अब्ज बाटली भरताना मोजलेत, की मुदत संपायच्या दिवशी जिवंत उरतील तेवढे? तो बिचारा हसला आणि माझ्या हातात एक पेन ठेवलं. पेन चांगलं आहे, त्यानेच हे लिहितोय.

त्याला छळायचा हेतू नव्हता. पण वसंता, सगळी मेख तिथेच आहे. जीवाणू उष्णतेने आणि दमटपणाने मरत राहतात, त्यामुळे भरतानाच्या आकड्याला फारसा अर्थ नाही. शिवाय आकडाच बघायचा तर दुसऱ्या बाजूचाही बघ. रॉन मिलो या इस्रायली शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये नव्याने हिशेब मांडला. ७० किलो वजनाच्या माणसात साधारण ३८ लाख कोटी जीवाणू असतात, आणि त्याच्या स्वतःच्या पेशी असतात सुमारे ३० लाख कोटी. (आपण वर्षानुवर्षं ‘पेशींच्या दहापट जीवाणू’ असं ऐकत आलो, ते या हिशेबाने निकालात निघालं. त्या सगळ्या जीवाणूंचं वजनही जेमतेम २०० ग्रॅम भरतं.) आता त्यात तुझे पन्नास अब्ज, म्हणजे पाच हजार कोटी टाक. हजारात दीडसुद्धा होत नाहीत. आणि तेही जठरातल्या आम्लातून वाचून पुढे पोचले तर.

मग हे खूळ आलं कुठून? पहिल्या दिवशी एका वयस्कर बाईंनी इतिहासावर सुंदर व्याख्यान दिलं. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधले एली मेचनिकॉफ यांचं ठाम मत होतं की मोठ्या आतड्यातले जीवाणू विषारी द्रव्यं तयार करतात आणि त्यामुळे म्हातारपण लवकर येतं. बल्गेरियातले शेतकरी आंबवलेलं दूध पितात आणि दीर्घायुषी होतात असं त्यांच्या कानावर होतं. त्याच सुमारास, १९०५ मध्ये, स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन डॉक्टराने जिनिव्हात त्या दह्यातला जीवाणू वेगळा काढला होता. झालं, मेचनिकॉफ स्वतः रोज आंबट दूध पिऊ लागले आणि युरोपभर त्याची लाट आली. १९०८ सालचं नोबेल त्यांना पॉल एर्लिख यांच्याबरोबर मिळालं, पण ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी. आंबट दुधाचा त्याच्याशी काही संबंध नाही. मेचनिकॉफ १९१६ मध्ये ७१व्या वर्षी वारले. आणि तो बल्गेरियन जीवाणू माणसाच्या आतड्यात मुक्काम करत नाही, हेही पुढे कळलं.

मला स्वतःला मेचनिकॉफपेक्षा आल्फ्रेड निस्ले हा जर्मन डॉक्टर जास्त भावला. पहिल्या महायुद्धात आमांशाची साथ चालू होती. सोबतचे सैनिक जुलाबाने आडवे पडत होते आणि एका सैनिकाला काहीच होत नव्हतं. निस्लेने त्याची विष्ठा तपासली आणि १९१७ मध्ये त्यातून ई. कोलाय या आतड्यातल्या जीवाणूचा एक स्ट्रेन वेगळा काढला. तोच स्ट्रेन आजही औषध म्हणून मिळतो. सगळे आजारी असताना जो धडधाकट आहे त्याच्या पोटात डोकवायचं, ही खरी शास्त्रज्ञाची नजर.

इथून तुझ्या प्रश्नाकडे येतो. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी व्याख्या ठरवून दिली: पुरेशा प्रमाणात दिल्यावर यजमानाच्या (म्हणजे ते ज्याच्या शरीरात जातात त्याच्या) आरोग्याला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक. यातला ‘फायदा’ हा शब्द लोक गिळून टाकतात. फायदा दाखवावा लागतो, आणि तो एका ठरावीक स्ट्रेनचा, ठरावीक मात्रेत, ठरावीक त्रासावर दाखवावा लागतो. एका स्ट्रेनवरचा अभ्यास त्याच प्रजातीतल्या दुसऱ्याच्या डबीवर चिकटवता येत नाही. आणि नावाजलेला स्ट्रेनसुद्धा कधी तोंडघशी पडतो. लॅक्टोबॅसिलसचा ‘जीजी’ नावाचा स्ट्रेन घे, या क्षेत्रात याच्याइतका अभ्यास फार थोड्यांचा झालाय. लहान मुलांच्या जुलाब-उलट्यांवर तो सर्रास दिला जायचा. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या इस्पितळांच्या तातडीच्या विभागांत आलेल्या नऊशेहून जास्त मुलांवर चाचणी झाली, निम्म्यांना तो दिला, निम्म्यांना नुसती पूड. दोन्हीकडची मुलं सारख्याच वेळात बरी झाली.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर म्हणशील हा नेहमीसारखा खोट काढत बसलाय. ओडिशाच्या खेड्यांत साडेचार हजारांवर नवजात बाळांना लॅक्टोबॅसिलस प्लँटारमचा एक निवडक स्ट्रेन आणि त्याचं खाद्य म्हणून एक प्रकारची साखर, असं मिश्रण फक्त सात दिवस दिलं गेलं. पिनाकी पाणिग्रही आणि त्यांच्या चमूचं हे काम २०१७ मध्ये छापून आलं. जंतुसंसर्ग रक्तात पसरणं आणि मृत्यू, दोन्ही मिळून प्रमाण ४० टक्क्यांनी घटलं. तो आकडा पडद्यावर आला तेव्हा सभागृहात चुळबुळ थांबली होती. पण बघ, तो स्ट्रेन त्यांनी शेकडो नमुने चाळून निवडला होता, कारण तो आतड्यात टिकतो का हे त्यांना आधी बघायचं होतं.

आणि हे काही निरुपद्रवी चूर्ण नव्हे, जिवंत जंतू आहेत. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाच्या रुग्णांना प्रोबायोटिक देऊन पाहिलं होतं, २००८ मध्ये त्याचे निकाल आले. प्रोबायोटिक दिलेल्यांपैकी १६ टक्के रुग्ण दगावले, न दिलेल्यांपैकी ६ टक्के. धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही, पण अतिदक्षता विभागातल्या किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाला ‘घ्या, नैसर्गिकच आहे’ म्हणून देण्याची ही वस्तू नाही.

आता तुझी डबी. तू लिहिलं होतंस की अँटिबायोटिकचा कोर्स झाला तेव्हापासून ती चालू आहे, ‘पोटातले चांगले जंतू परत यावेत’ म्हणून. नेमकं याच्यावर इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधल्या एरन एलिनाव आणि एरन सेगल यांच्या गटाने २०१८ मध्ये काम केलं. एरवी असे अभ्यास विष्ठेवर भागवतात. यांनी लोकांच्या आतड्यात थेट दुर्बीण घालून आतल्या भिंतीवरचे नमुने घेतले. प्रोबायोटिक घेणाऱ्यांच्या विष्ठेत ते जीवाणू सापडत होते, पण आतड्याच्या भिंतीवर काहींच्यातच रुजले होते. बाकीच्यांच्या मूळ रहिवाशांनी त्यांना हुसकून लावलं होतं. म्हणजे नुसते येऊन निघून गेले.

दुसरा भाग तुझ्यासाठी. अँटिबायोटिक दिलेल्या माणसांचे त्यांनी तीन गट केले. एकाला काहीच दिलं नाही. दुसऱ्याला प्रोबायोटिक. तिसऱ्याला त्यांचीच, अँटिबायोटिक सुरू करण्याआधी साठवून ठेवलेली विष्ठा परत दिली. (नाक मुरडू नकोस. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जंतू वारंवार उलटतो तेव्हा निरोगी माणसाची विष्ठा देणं हा आता मान्य उपचार आहे. २०१३ मध्ये त्याची चाचणी इतकी यशस्वी झाली की ती मुदतीआधीच थांबवली.) तिसऱ्या गटाचे जीवाणू काही दिवसांत पूर्वपदावर आले. काहीच न घेतलेल्यांचेही काही आठवड्यांत आले. सगळ्यात मागे राहिले प्रोबायोटिकवाले. त्यांचं महिनोन्‌महिने रखडलं. बाहेरून आणलेल्या जीवाणूंनी रिकामी जागा बळकावली आणि घरच्यांना आत येऊ दिलं नाही.

माणसं मोजकी होती, वापरलेलं मिश्रण एकच होतं, म्हणून एवढ्यावरून सगळ्या जगाला नियम लावता येणार नाही. शिवाय अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब काही ठरावीक स्ट्रेनने, उदाहरणार्थ सॅकरोमायसीस बुलार्डी या यीस्टने, कमी होतात याला बऱ्यापैकी पुरावा आहे. मला विचारशील तर या दोन्हीत विरोध नाही. जुलाब आवरणं हा एक प्रश्न, आणि स्वतःची वस्ती लवकर परत येणं हा निराळा. तुला जुलाब नव्हतेच. मग कोर्स संपून इतके दिवस झाल्यावर ही कॅप्सूल कशासाठी, याचं उत्तर निदान माझ्याकडे तरी नाही. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये सगळा पुरावा चाळला, तेव्हा त्यांनाही पचनसंस्थेच्या बहुतेक आजारांत प्रोबायोटिक सुचवण्याजोगा आधार दिसला नाही. डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर त्यांना एकदा विचार. स्वतःच्या मनाने आणली असशील तर माझ्या मते ही डबी शेवटची.

पैसे आणि उत्साह जिथे घालायचा ती जागा दुसरी आहे, आणि तिच्याबद्दल स्टॉलवर कोणी बोलत नव्हतं. आपल्याला न पचणारा चोथा, म्हणजे तंतुमय पदार्थ, मोठ्या आतड्यात पोचतो आणि तिथले जीवाणू तो आंबवतात. त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं, आणि मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी बऱ्याच अंशी त्याच्यावरच जगतात. चोथा मिळाला नाही की यातले काही जीवाणू आतड्यावरचा श्लेष्माचा, म्हणजे बुळबुळीत स्रावाचा, संरक्षक थरच खायला लागतात. उंदरांमध्ये हे स्पष्ट दिसलंय: थर पातळ होतो आणि रोगजंतूंना आयती वाट मिळते. एका तरुण संशोधिकेने पोस्टरवर त्या थराची छायाचित्रं लावली होती, शेजारीशेजारी. एकीकडे हिरव्या रंगात थराचा जाडसर पट्टा, पलीकडे जीवाणूंचे लाल ठिपके; दुसरीकडे तोच पट्टा विरलेला आणि ठिपके पेशींना जवळजवळ टेकलेले. मी बराच वेळ तिथे उभा होतो. त्यानंतर जेवायला गेलो तर टेबलावर सगळं पांढरं, मऊ आणि गोड. पोषणाच्या परिषदेत चोथा शोधत फिरावं लागलं!

सगळ्यात थक्क झालो ते आईच्या दुधाने. त्यात दुग्धशर्करा आणि स्निग्धांशाच्या खालोखाल तिसऱ्या क्रमांकावर ज्या गुंतागुंतीच्या शर्करा असतात, त्या बाळाला पचतच नाहीत. त्या असतात बाळाच्या आतड्यातल्या बिफिडोबॅक्टेरिया या उपयोगी जीवाणूंसाठी. बाळाबरोबर त्याच्या जीवाणूंचाही स्वयंपाक आई करते, आणि तेही इतक्या सढळ हाताने.

आंबवलेल्या पदार्थांचं विचारशील, म्हणून सांगतो. स्टॅनफर्डमध्ये ३६ निरोगी माणसांवर एक अभ्यास झाला, २०२१ मध्ये छापून आला. दहा आठवडे निम्म्यांनी तंतुमय आहार वाढवला, निम्म्यांनी दही-केफिरसारखे आंबवलेले पदार्थ. आंबवलेलं खाणाऱ्यांच्या आतड्यांतली जीवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातली दाह दाखवणारी १९ प्रथिनं कमी झाली. तंतुमय गटात तसं सरसकट दिसलं नाही. ज्यांच्यात मुळात विविधता होती त्यांना जास्त लाभ झाला. अभ्यास छोटा आहे, पण दोन्ही सोबत खायला हरकत कोणाची?

आतडी आणि मेंदू यांच्यावर एक अख्खी दुपार होती, पण ती मी अर्ध्यातच सोडली. मनःस्थितीशी ज्याचं नाव जोडलं जातं ते सेरोटोनिन हे रसायन शरीरात नव्वद टक्क्यांच्या आसपास आतड्यात असतं हे खरं, पण ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. तेव्हा कॅप्सूल खाऊन मन प्रसन्न होईल असं कोणी सांगितलं तर हसून सोडून दे.

तुझ्यापुरतं असं कर. कडधान्यं, डाळी, कांदा, लसूण, सालासकट फळं, कोंड्यासकट धान्यं हळूहळू वाढव. हळूहळू म्हणजे खरंच हळूहळू, कारण एकदम वाढवलंस तर गॅसने हैराण होशील आणि मला शिव्या घालशील. पाणी जास्त पी. आणि एकाच गोष्टीचा ढीग खाण्यापेक्षा प्रकार बदलत राहा, वेगवेगळ्या जीवाणूंना वेगवेगळं लागतं. घरबसल्या विष्ठा तपासून ‘तुमच्या पोटाचे गुण’ सांगणाऱ्या चाचण्यांच्या नादी लागू नकोस. निरोगी पोट नेमकं कसं दिसावं याचं सर्वमान्य माप अजून ठरलेलं नाही. मात्र शौचावाटे रक्त गेलं, कारण नसताना वजन उतरलं किंवा जुलाब रात्री झोपेतून उठवू लागले, तर कडधान्य भिजवत बसू नकोस, सरळ डॉक्टर गाठ.

परिषदेतल्या काही व्याख्यानांची टिपणं काढलीत, अक्षर तुला माहीतच आहे. वाचता येतील अशी वाटली तर पुढच्या पत्रासोबत पाठवीन. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनय