प्रात्यक्षिक पुस्तिकेवर पायथनची आवृत्ती छापावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संगणक शाखेच्या प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आल्या की आमच्या रामबागेतील दोन-चार मुले संध्याकाळी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे येतात. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो, एवढीच माझी पात्रता. यंदा शेजारच्या मुलीचा पायथन या प्रोग्रामिंग भाषेतला प्रोग्राम पहिल्याच ओळीवर अडला. महाविद्यालयाने दिलेल्या पुस्तिकेतून तिने तो जसाच्या तसा उतरवला होता, तरी 'टीकेइंटर नावाचे मॉड्यूल नाही' अशी लाल अक्षरे पडद्यावर येत होती आणि आपलेच काहीतरी चुकले असे समजून तिने त्यात तासभर घालवला होता. वस्तुतः पायथन २ मध्ये या मॉड्यूलच्या, म्हणजे प्रोग्रामला जोडायच्या तयार भागाच्या, नावातला 'टी' मोठ्या लिपीत (कॅपिटल) होता, पायथन ३ मध्ये तो लहान झाला. देवनागरीत असा भेदच नसल्याने आपल्याला ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण संगणकाच्या लेखी ती दोन निराळी नावे आहेत.

पायथन ३ डिसेंबर २००८ मध्ये आले आणि पायथन २ ची अधिकृत देखभाल १ जानेवारी २०२० रोजी थांबली. पुस्तिका मात्र तीच चालू आहे, फक्त मुखपृष्ठावरचे शैक्षणिक वर्ष दरवर्षी बदलते. अर्थात पायथन ३ ची पुस्तिका काढल्यानेही प्रश्न मिटत नाही. ऑक्टोबर २०२३ च्या ३.१२ आवृत्तीतून 'डिस्टयूटिल्स' हे मॉड्यूल काढले गेले, पुढच्या वर्षी ३.१३ मधून 'सीजीआय'. त्यामुळे ३.९ या जुन्या आवृत्तीवर सुरळीत चालणारा प्रोग्राम घरच्या नव्या लॅपटॉपवर अडू शकतो, आणि त्यात विद्यार्थ्याचा काहीच दोष नसतो.

दुसऱ्या मुलाची अडचण याहून फसवी होती. त्याच्या लॅपटॉपवर ३.९ आणि ३.१२ अशी दोन पायथन शेजारी शेजारी नांदत होती. 'नमपाय' हे आकडेमोडीचे मॉड्यूल बसवायला सांगितले की पिप, म्हणजे मॉड्यूल बसवून देणारा पायथनचा प्रोग्राम, 'आधीच बसवलेले आहे' असे उत्तर देई आणि प्रोग्राम चालवला की तेच मॉड्यूल सापडत नसे. पिपला त्याचे व्हर्जन विचारल्यावर खुलासा झाला, कारण त्या उत्तरात फोल्डरचा पत्ता आणि पायथनची आवृत्ती दोन्ही येतात: पिप ३.९ चा होता आणि प्रोग्राम ३.१२ वर चालत होता. तत्पूर्वी या पठ्ठ्याने 'नमपाय'चे अख्खे फोल्डर एकातून उचलून दुसऱ्यात टाकून पाहिले होते. त्यातील काही भाग ठरावीक आवृत्तीसाठीच कंपाइल केलेला (यंत्राच्या भाषेत रूपांतरित केलेला) असल्याने तो उपाय लागू पडणे शक्य नव्हते. ज्या पायथनवर प्रोग्राम चालवायचा, त्याच पायथनकरवी पिप चालवणे हाच त्यावरचा उपाय आहे. प्रत्येक कामासाठी पायथनचीच 'वेनव्ह' ही सोय वापरून वेगळे वातावरण, म्हणजे त्या कामापुरत्या मॉड्यूलांचे स्वतंत्र फोल्डर, केले तर आणखी बरे, पण पुस्तिकेत त्याचा उल्लेखही नाही.

माझी विनंती खर्चाची नाही. प्रत्येक पुस्तिकेच्या पहिल्या पानावर पायथनची आणि लागणाऱ्या मॉड्यूलांची आवृत्ती छापावी, प्रयोगशाळेतील सर्व संगणकांवर तीच ठेवावी आणि नव्या सत्रापूर्वी शिक्षकांनी पुस्तिकेतील प्रत्येक प्रोग्राम तिथे एकदा चालवून पाहावा. शेजारच्या मुलीची परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे. त्या दिवशी तिच्यासमोरच्या संगणकावर कोणती आवृत्ती असेल, हे तिला अद्याप कोणीही सांगितलेले नाही.

आपला,
एक वाचक, रामबाग, इंदूर