थायलंडची चव जगभर कशी पोचली

बँकॉक

चि. मृणाल हिस मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रकल्पाचा आराखडा वाचला. थायलंडच्या जगातल्या प्रभावाची सुरुवात तू पर्यटनापासून केली आहेस. ती स्वयंपाकघरापासून कर. जो माणूस बँकॉकला कधीच येणार नाही, त्याच्या मनातही थायलंडबद्दल आपुलकी कशी निर्माण झाली, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर त्याच्या गल्लीतल्या थाई हॉटेलात आहे.

2002 साली थाक्सिन शिनावात्रा यांच्या सरकारने ‘ग्लोबल थाई’ ही योजना आणली. तेव्हा जगभरात साधारण साडेपाच हजार थाई रेस्टॉरंट होती, ती आठ हजारांवर न्यायचं ठरलं. या योजनेत मला सगळ्यात शहाणपणाची वाटते ती अडचणींची निवड. परदेशात हॉटेल काढणाऱ्याला भांडवल मिळत नाही, म्हणून सरकारी बँकांची कर्जं. कुशल आचारी मिळत नाहीत, म्हणून प्रशिक्षण. गिऱ्हाइकाला अस्सल आणि नकली यातला फरक कळत नाही, म्हणून वाणिज्य मंत्रालयाचा ‘थाई सिलेक्ट’ हा शिक्का. तो देताना मेनूत थाई पदार्थ किती, आचाऱ्याचं शिक्षण वा अनुभव काय, माल थायलंडचा वापरतात का, हे तपासलं जातं.

आचाऱ्यांचा व्हिसा हा भाग बहुतेक लेखांत सुटतो. तू सोडू नकोस. बाहेरच्या देशाच्या नियमांत स्वयंपाकी अनेकदा कुशल कामगार म्हणून बसत नाही, त्यामुळे हॉटेल उभं राहतं आणि आत रांधायला थाई माणूस नसतो. थायलंडने हा मुद्दा थेट व्यापाराच्या वाटाघाटींत नेला. न्यूझीलंडबरोबरचा करार 2005 मध्ये लागू झाला, त्यात प्रमाणित थाई आचाऱ्यांच्या प्रवेशाची वेगळी सोय आहे. परराष्ट्र खात्याने आचाऱ्यासाठी टेबलावर बसून भांडणं, याला मी सांस्कृतिक धोरण म्हणेन.

पुढची अडचण मालाची. क्राफाओ या पदार्थाला लागते ती आपली तुळस, थाई कढीत, म्हणजे करीत, घालतात ती होराफा, गोडसर वासाची दुसरी तुळस. दोन्हींचा वास वेगळा, एकीच्या जागी दुसरी चालत नाही. पानं नाजूक, विमानानेच जातात. 2011 च्या सुरुवातीला युरोपात थाई भाज्यांवर वारंवार कीड सापडू लागली. युरोपने बंदी घालायच्या आत थायलंडने स्वतःच तुळस, मिरची, वांगी, कारली अशांची निर्यात थांबवली आणि तपासणीची घडी बसवली. तेवढ्या काळात हॉटेलवाल्यांना मिळेल ते पान घालावं लागलं. देशाची ख्याती अशी एखाद्या पानावर आणि त्यावरच्या किडीवर अवलंबून असते.

नारळाच्या दुधाचं उदाहरण तर तू स्वतः करून बघ. हिरव्या कढीची मूळ रीत अशी: नारळाचं पहिलं, जाड दूध मध्यम आचेवर आटवायचं, कडेला तेल सुटू लागलं की त्यातच वाटण परतायचं. कुळंजन, गवती चहा आणि कोळंबीची आंबवलेली चटणी यांचा कच्चा वास गेला की मांस, मग पातळ दूध, आणि गॅस बंद करताना होराफा. परदेशात दूध डब्याचं येतं. ते फुटू नये म्हणून त्यात पायसीकारक (तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारा पदार्थ) घातलेला असतो, त्यामुळे कितीही आटवलं तरी तेल सुटत नाही. मग वाटण परतलं न जाता उकडतं आणि कढी पिठूळ, कच्चट लागते. लोक दोष मसाल्याला देतात. उपाय सोपा आहे: 400 मिलीच्या डब्याला दोन टेबलस्पून तेल वेगळं तापवून 50 ग्रॅम वाटण मंद आचेवर तीन-चार मिनिटं परतायचं, दूध थोडं थोडं नंतर घालायचं. आल्याने कुळंजनाचं काम होत नाही. ताजं नसेल तर गोठवलेलं घ्यायचं.

चव एकसारखी राहावी म्हणून 2014 मध्ये सरकारी मदतीने पदार्थाला गुण देणारं एक यंत्रही बनवलं गेलं. मला ती दिशा चुकीची वाटते. ईशान्येकडच्या इसानची आंबट-तिखट चव, दक्षिणेची हळदीची कढी आणि बँकॉकचा गोडवा एका मापात बसवायचा कसा? पण वरून चव ठरवण्याची सवय इथे जुनी आहे. तेव्हाचे पंतप्रधान फिबून सोंगक्राम यांनी 1939 मध्ये सयामचं थायलंड केलं आणि नव्या राष्ट्रवादाबरोबर पाड थाई या परतलेल्या नूडल्सचा प्रसार झाला. आज जग ज्याला अतिप्राचीन थाई पदार्थ समजतं, तो एका राजवटीने वाढवलेला आहे.

युनेस्कोच्या नोंदी एका ओळीत उरक: खोन हे मुखवट्यांचं नृत्यनाट्य 2018, थाई मसाज 2019, सोंगक्रान हा नववर्षाचा सण 2023, तोम यम कुंग हे कोळंबीचं सूप 2024. त्यापेक्षा 2022 ची घटना जास्त बोलकी आहे. मिली या तरुण रॅपरने अमेरिकेतल्या कोचेला संगीत महोत्सवाच्या मंचावर आंबा आणि चिकट भात खाल्ला आणि इथे त्या पदार्थाच्या ऑर्डरी धडाधड वाढल्या. ते कुठल्याही समितीने ठरवलेलं नव्हतं. 2023 मध्ये सरकारने ‘सॉफ्ट पॉवर’ची, म्हणजे धाकाने नव्हे तर आवडीतून मिळणाऱ्या प्रभावाची, राष्ट्रीय समिती नेमली, घरटी एक कौशल्य अशी मोहीम जाहीर केली. मला त्यात घोषणा जास्त आणि 2002 सारखी नेमक्या अडचणींची यादी कमी दिसते.

या प्रभावाच्या मर्यादेचं प्रकरण मात्र नक्की लिही. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ जोसेफ नाय यांनी 1990 मध्ये सॉफ्ट पॉवरची कल्पना मांडली. संस्कृती, राजकीय मूल्यं आणि परराष्ट्र धोरण असे तीन आधार त्यांनी सांगितले. थायलंडचा पहिला आधार भक्कम आहे, दुसरा वारंवार ढासळतो. 2014 च्या लष्करी उठावानंतर अमेरिकेने लष्करी मदतीचा काही भाग रोखला, युरोपीय संघाने अधिकृत भेटी थांबवल्या. त्या देशांतली थाई हॉटेलं तेव्हाही भरलेली होती. जेवण आवडणं आणि सरकारवर विश्वास असणं यांची खाती वेगळी असतात, म्हणून तुझ्या प्रश्नावलीत हे दोन प्रश्न वेगवेगळे विचार, एकत्र केलेस तर उत्तरांचा काहीच अर्थ लागणार नाही.

पुढचा मसुदा झाला की पाठव. ताईला आणि भाऊजींना नमस्कार.

तुझी,
मावशी