करीला ट्रेड करा म्हणणाऱ्यांसाठी

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या क्रीडा पानावर एका वाचकाचं पत्र आलं होतं, की अमेरिकेतल्या बास्केटबॉलच्या एनबीए लीगमधल्या गोल्डन स्टेट वॉरियर्सनं आता भावना बाजूला ठेवावी आणि आपला स्टार खेळाडू स्टेफन करीला ट्रेड करून, म्हणजे दुसऱ्या टीमला देऊन, त्याच्या बदल्यात तरुण पोरं नि ड्राफ्ट पिक (नवीन खेळाडू निवडायचे हक्क) घ्यावेत. मी गेली 16 वर्षं कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला राहतो, तुमचा पेपर रोज सकाळी फोनवर वाचतो. ते पत्र डोक्यातनं जातच नाहीये म्हणून लिहायला बसलोय, जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

टीमची अवस्था चांगली नाही हे खरंच आहे. 2022 च्या टायटलनंतर 2023 ला प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीत लेकर्सकडून हरले, 2024 ला त्याआधीच्या पात्रता सामन्यात, म्हणजे प्ले-इनमध्येच सॅक्रामेंटोनं घरी पाठवलं, 2025 ला परत दुसऱ्या फेरीत मिनेसोटासमोर पहिल्याच मॅचला करीचा हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) गेला आणि संपलं सगळं. करीचा जन्म 1988 चा, म्हणजे वय कुणापासून लपत नाही. त्याचा जुना साथीदार क्ले थॉम्पसनही 2024 ला डॅलसला गेला. हे सगळं मान्य.

पण पत्रात बॉस्टनचा जो दाखला दिलाय ना, तो अर्धाच दिलाय. 2013 ला बॉस्टननं 35 वर्षांचा पॉल पीअर्स आणि 37 वर्षांचा केव्हिन गार्नेट ब्रुकलिनला दिले, बदल्यात मिळालेल्या पिकमधनं पुढे जेलन ब्राऊन नि जेसन टेटम आले आणि 2024 ला टायटल आलं, हे बरोबर. पण ते जमलं कारण समोर ब्रुकलिन होतं, ज्यांना लगेच जिंकायचं होतं आणि त्यासाठी 2014, 2016, 2018 चे पहिल्या फेरीचे पिक आणि वर 2017 ला पिक बदलून घ्यायचा हक्क असं सगळं त्यांनी देऊन टाकलं. त्यांची नंतर काय दशा झाली ते बघून असा सौदा आता कोण करणार? आणि दुसरी गोष्ट, जितक्या पगाराचा खेळाडू पाठवायचा साधारण तितक्या पगाराचे खेळाडू परत घ्यावे लागतात. करीचा 2025-26 चा पगार जवळजवळ 5 कोटी 96 लाख डॉलर आहे. म्हणजे घेणाऱ्या टीमला आपले तीन-चार चांगले खेळाडू काढून द्यावे लागणार, मग करी तिथे जाऊन खेळणार कुणाबरोबर?

आणि तरुण पोरं घ्या म्हणताय, तर ते आमच्याकडे करून झालंय की! 2019 च्या ऑक्टोबरमध्ये करीचा डावा हात मोडला, त्या सीझनला टीम 15 जिंकली नि 50 हरली, अख्ख्या लीगमध्ये शेवटची. त्यातनं दुसऱ्या नंबरचा पिक मिळाला, जेम्स वाइजमन आला, सगळ्यांना वाटलं आता पुढची दहा वर्षं बघायला नको, आणि 2023 च्या फेब्रुवारीत त्यालाच ट्रेड करावं लागलं. पोराचा दोष नाही, दुखापती झाल्या, पण पिक म्हणजे काही बँकेतली एफडी नाही. उलट ज्याला लोक 2020 ला संपला म्हणत होते त्याच करीनं 2022 च्या फायनल्समध्ये बॉस्टनला चौथ्या मॅचला 43 पॉइंट काढले आणि फायनल्सचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू झाला. 34 वर्षांचा होता तेव्हा.

मी काही ट्रेडच्या विरोधात नाही. 2012 च्या मार्चमध्ये आमच्या टीमनं तेव्हाचा स्टार मॉन्टा एलिसला मिलवॉकीला दिलं आणि जखमी अँड्र्यू बोगट घेतला, तेव्हा काही दिवसांतच टीमचा जुना खेळाडू ख्रिस मलिनच्या जर्सीचा सोहळा होता आणि मालक जो लेकब माइकवर उभे राहिले तर लोकांनी त्यांना बोलूच दिलं नाही, इतकी हुर्यो. मी टीव्हीसमोर बसून तेच करत होतो. आम्ही चुकलो होतो, कारण त्या ट्रेडमुळेच करीला मोकळी जागा मिळाली. पण एलिस तेव्हा 26 चा होता, त्याच्यात नि करीच्यात जागा एकच होती. आज करीनं अडवून ठेवलेला कोण आहे टीममध्ये? मला तर दिसत नाही.

आता एक सांगतो. 2016 च्या हिवाळ्यात बाबा सांगलीहून आले होते, त्यांना मी ओकलंडच्या जुन्या ओरॅकल अरेनात नेलं. फ्रीमॉन्टहून बार्टनं (इथली लोकल ट्रेन) कोलिझियम स्टेशन, तिथनं पादचारी पुलावरनं चालत, आणि मुद्दाम दीड तास आधी, कारण करीचा सराव बघायलाच गर्दी व्हायची. दोन हातांत दोन बॉल घेऊन ड्रिबल, मग एकेका जागेवरनं शॉट, आणि शेवटी कोर्ट सोडून खेळाडू येतात त्या बोगद्याच्या तोंडाशी जाऊन तिथनं लांबलचक शॉट. पहिला रिंगला लागून उडाला, दुसरा पण, तिसरा सरळ आत, आणि आजूबाजूची शाळकरी पोरं मॅच जिंकल्यासारखी ओरडली. बाबांना बास्केटबॉलचा एक नियम माहीत नव्हता. ते म्हणाले, "इतकं येतंय तरी रोज घासतोय बघ." माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती, तिनं दुसऱ्या दिवशी गॅरेजच्या दारावर खडूनं गोल काढला, नि अजूनही खेळते, शाळेच्या टीममध्ये आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की हा निर्णय मालकानं नाही तर करीनं घ्यावा. 2009 च्या ड्राफ्टमध्ये सातव्या नंबरवर आलेला माणूस, टीम तेव्हा कुणाच्या खिजगणतीत नव्हती, त्यानं चार टायटलं दिली. त्याचा करार 2026-27 पर्यंत आहे. त्याला स्वतःला पाचव्या टायटलसाठी दुसरीकडे जायचं असेल आणि त्यानं तसं तोंडानं सांगितलं तर खुशाल पाठवा, मी स्वतः टाळ्या वाजवीन. पण त्याला न विचारता आकडेमोड करून पाठवू नका. डॅलसनं 2025 च्या फेब्रुवारीत आपला स्टार लुका डॉन्चिचला असंच अचानक ट्रेड करून टाकलं, तो तर फक्त 25 चा होता, आणि तिथले प्रेक्षक कित्येक महिने स्टेडियममध्ये मॅनेजरला काढा म्हणून घोषणा देत होते, शेवटी नोव्हेंबरमध्ये त्या मॅनेजरला काढलंच.

तुमच्या त्या वाचकांना जमलं तर एकदा इकडे यायला सांगा, आता मॅच सॅन फ्रान्सिस्कोला चेस सेंटरमध्ये असतात. दीड तास आधी मात्र पोचा.

आपला,
एक वाचक, फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया