पान तीनवरचा कुत्रा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पान तीनवर तुम्ही एक मोठा रंगीत फोटो छापलात. चारेक वर्षांची मुलगी, तिच्या मिठीत पांढुरका लॅब्रेडॉर, गालाला गाल, आणि खाली ओळ : ‘निरागस मैत्री’. आमच्या इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो सकाळी नऊच्या आत तीनदा येऊन गेला. शेजारच्या वहिनींनी तर कापून फ्रिजवर चिकटवला. मी चष्मा लावला आणि कुत्र्याकडे पाहिलं. तेव्हापासून हे पत्र डोक्यात आहे.

मुलगी हसतेय, वाद नाही. कुत्र्याचं मात्र एकेक बघा. सावल्या पायाशी आल्यात, म्हणजे ऐन दुपार. अशा उन्हात लॅब्रेडॉर जीभ बाहेर टाकून धापा टाकत असतो. याचं तोंड गच्च मिटलेलं आहे. जिभेचं टोक तेवढं नाकाला लागलंय, आणि समोर खाऊ तर कुठे दिसत नाही. कान मागे, डोक्याला चिकटलेले. तोंड मुलीपासून दूर फिरवलेलं, पण नजर तिच्यावरच, त्यामुळे डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसते, बीजेच्या चंद्रासारखी. पुढचा एक पाय किंचित उचललेला. यातलं एखादंच काही दिसलं असतं तर मी बोलले नसते. झोपेतून उठल्यावर कुत्रं जांभई देतं, जेवल्यावर ओठ चाटतं, त्यात काही नाही. पण हे सगळं एकाच वेळी, एकाच मिठीत? तो ‘सोड मला’ म्हणतोय, संपादकसाहेब.

हे मला नळापाशी कळलं. सरकारी रुग्णालयात माझी नोकरी झाली, त्यातली शेवटची अकरा वर्षं कुत्रं चावलेल्यांना लस द्यायच्या खोलीत गेली. आलेल्या माणसाला आधी नळाखाली. साबण लावून वाहत्या पाण्यात १५ मिनिटं जखम धुवायची. कुणी हळद भरून यायचं, कुणी चुना, कुणी मिरचीपूड. ते आधी काढायचं. ‘पोटात चौदा घ्यावी लागतील का हो?’ असं घाबरून विचारणारे तर मी निवृत्त होईपर्यंत भेटले. पोटातली ती इंजेक्शनं कधीच बंद झाली, पण भीती काही जात नाही.

तर, १५ मिनिटं खूप असतात. पहिल्या मिनिटाला प्रत्येकाचं एकच वाक्य : ‘सिस्टर, काही केलं नव्हतं हो, एकदम चावला.’ दहाव्या मिनिटापर्यंत गोष्ट बदललेली असायची. आमच्या रजिस्टरला नाव, वय, जखम कुठे, कुत्रा पाळीव की मोकाट, एवढे रकाने होते. चावण्याआधी काय झालं, याला रकाना नव्हता. तो मी तोंडी भरून घ्यायचे. मोठी माणसं बहुतेक पोटरी नाहीतर हात घेऊन यायची. लहान मुलांचे गाल, ओठ, डोळ्याखालची जागा. मुलांची उंचीच तेवढी, आणि मिठी मारायची, पापा घ्यायची हौस त्यांनाच.

असाच एक सहा वर्षांचा मुलगा, मामाच्या घरचा कुत्रा, वरचा ओठ फाटलेला. वडील पुन्हा पुन्हा म्हणत होते, ‘अहो, शेपूट हलवत होता!’ मी विचारलं, कशी हलवत होता, हाताने दाखवा. त्यांनी कोपरापासून हात सरळ वर धरला, ताठ, आणि फक्त बोटं थरथरवली. तो हात मला अजून दिसतो. त्यांनी बरोबर पाहिलं होतं, बरोबर लक्षातही ठेवलं होतं. अर्थ तेवढा उलटा लावला होता. खूश असलेल्या कुत्र्याची शेपटी एकटी हलत नाही, ती कंबरेला ओढून नेते. सगळा कुत्राच सैल होऊन डुलतो. ताठ उभी शेपटी आणि टोकाला बारीक थरथर, म्हणजे त्याचा पारा चढलाय.

शेपटीचं आणखी एक वाचलं होतं. इटलीतल्या बारी आणि त्रिएस्ते इथल्या संशोधकांनी २००७ मध्ये ३० कुत्र्यांच्या शेपट्यांचं चित्रीकरण करून मोजमाप घेतलं. मालक दिसला की शेपटी कुत्र्याच्या उजवीकडे जास्त झुकते, अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. मी आमच्या खालच्या कुत्र्यावर आठवडाभर गॅलरीतून हा प्रयोग केला. काही कळलं नाही, मान तेवढी आखडली. नुसत्या डोळ्यांनी ओळखण्याइतका तो फरक ठळक नसावा. ताठ की सैल, एवढं बघितलं तरी पुरे.

दुसरे एक आजोबा. घरचाच कुत्रा, खाटेखाली झोपणारा. ‘आधी गुरगुरला का?’ विचारलं तर अभिमानाने म्हणाले, ‘छे, गुरगुरायची सवय आम्ही मोडलीये त्याची. आवाज काढला की चप्पल.’ मला हसावं की रडावं कळेना. कुत्रा आधी तोंड फिरवतो, मग उठून जायला बघतो, मग जागच्या जागी थिजतो, आणि यातलं काहीच कुणाला कळलं नाही तर गुरगुरतो. यांनी तेवढीच एक घंटा काढून टाकली होती. उरले दात.

आपली भाषा खरं तर या बाबतीत फार हुशार आहे. शेपूट घालणं, कान टवकारणं, दात विचकणं, अंग चोरणं, हे सगळं कुणीतरी जनावराकडे नीट बघूनच मराठीत आणलं असणार. आपण ते शब्द सासरच्या माणसांना आणि पुढाऱ्यांना वापरतो. कुत्र्यापुढे उभे राहिलो की मात्र ‘किती क्यूट!’

चेहऱ्याचं म्हणाल तर तिथे आपण जास्तच फसतो. भुवईचा आतला कोपरा वर उचलून केविलवाणं बघणं कुत्र्याला छान जमतं. इंग्लंड-अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिलं की त्यासाठी लागणारा स्नायू कुत्र्याच्या चेहऱ्यात चांगला तयार झालेला असतो. लांडग्यात त्या जागी विस्कळीत तंतूच सापडतात. माणसाच्या सोबतीत राहून कमावलेली चीज ही. त्यावर आपण विरघळतो, आणि त्याच चेहऱ्यावरचे कान, ओठ, डोळ्यातली कोर बघायची राहून जातात. तीच गत ‘अपराधी’ चेहऱ्याची. वहिनींकडच्या कुत्र्याने चप्पल कुरतडली की त्या मला बोलावून दाखवतात, ‘बघा, कसं कळतंय त्याला!’ न्यूयॉर्कच्या बार्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये १४ कुत्र्यांवर हेच तपासलं होतं. कुत्र्याने खाऊ खाल्लेला नसतानाही मालकाला खोटंच सांगितलं की खाल्ला. मालक रागावला, आणि निर्दोष कुत्र्याने तोच चेहरा केला, उलट जरा जास्तच. वहिनींना हे सांगितलं तर म्हणाल्या, ‘तुमचं आपलं काहीतरीच.’ चप्पल अजून बाहेरच असते.

मी रोज सकाळी आमच्या साताऱ्यातल्या टेकडीवरच्या ‘चार भिंती’ स्मारकाच्या वाटेने फिरायला जाते. तिथे काळू नावाचा एक देशी कुत्रा आहे, टपरीवाल्याचा म्हणा नाहीतर सगळ्यांचाच. परवा एक गृहस्थ नवा बीगल घेऊन आले. काळू दहा पावलांवर थांबला. मान खाली घालून एक दगड हुंगत बसला, ज्यात हुंगण्यासारखं काही नव्हतं. मग सरळ न येता अर्धा वळसा घालून आला आणि आडवा उभा राहिला. याहून सभ्य ओळख माणसंही करून घेत नाहीत. पण गृहस्थ घाबरले. पट्टा हाताला दोन वेढे गुंडाळून त्यांनी वर ओढला. झालं! बीगलचे पुढचे पाय उचलले गेले, छाती पुढे, मान वर, नजर थेट काळूच्या डोळ्यांत. त्या बिचाऱ्याच्या मनात नसेल, पण काळूला दिसलं ते आव्हान. त्याच्या पाठीवरचे केस मानेपासून शेपटीपर्यंत उभे राहिले.

मी म्हटलं, ‘दादा, पट्टा सैल सोडा.’ त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू कुत्रं माझंच. पण सोडला. दोघांनी एकमेकांना मागून हुंगलं, तीन-चार सेकंद. काळूने तोंड फिरवलं, दोन पावलं बाजूला झाला आणि नाकापासून शेपटीपर्यंत असं अंग झाडलं की जणू आत्ताच ओढ्यातून निघालाय. अंगावर पाण्याचा थेंब नव्हता. ताण गेला की कुत्री तो असा झाडून टाकतात. मग बीगलने कोपरं जमिनीला टेकली, बूड वर ठेवलं. ‘आता खेळतील,’ मी म्हटलं, आणि खेळलेच.

पिसाळलेल्या कुत्र्याला यातलं काही लागू नाही, हे आवर्जून सांगते. आणि चावा कुणाचाही असो, नुसती ओरखड असली तरी, साबण, पाणी आणि त्याच दिवशी रुग्णालय. तिथे कुणी ‘बघू उद्या’ करू नये.

तुमच्याकडे मागणं एवढंच. असे फोटो येतील तेव्हा मुलाचं हसू पाहून झालं की अर्धा मिनिट कुत्र्याकडेही बघत जा. तुमच्या पानावरचा फोटो बघून चार घरांत चार मुलांना कुत्र्याच्या गळ्यात हात टाकायला बसवतात, मोबाइल समोर धरून. मुलांना मिठीऐवजी दुसरं शिकवता येतं : हात खाली ठेवून थांबायचं, कुत्रा आपण होऊन आला तर गळ्याखाली जरासं खाजवायचं, आणि हात काढून घ्यायचा. त्याने पुन्हा अंग घासलं तर पुढे. नाही आला तर नाही.

त्या दिवशी काढलेले आणखी फोटो तुमच्या छायाचित्रकाराकडे असतील. मुलगी उठून गेल्यानंतरचा एखादा सापडला तर पाहा. त्यात तो लॅब्रेडॉर भर दुपारी, कोरड्या अंगाने, नाकापासून शेपटीपर्यंत अंग झाडत असेल.

कळावे,
– एक निवृत्त परिसेविका, सातारा